लाभ, दोन, तीन

आत्मारामची आणि माझी ओळख एका फुटलेल्या नाकापासून झाली. नाक तिसऱ्याच माणसाचं होतं.

मी नुकताच मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. त्या गाळेवाल्यांच्या संघाच्या ऑफिसात मला नोकरी लागली. नोटिसा लिहायच्या आणि मीटिंगमध्ये त्या मराठी-हिंदीत समजावून सांगायच्या, एवढंच काम. पहिल्याच दिवशी मी एका टेम्पोवाल्याला गेटसमोरून गाडी काढायला सांगितलं. त्याने माझी कॉलर धरली आणि मला टेम्पोच्या फाळक्यावर आपटलं. तो पुन्हा आपटणार तेवढ्यात मागून एक हात आला. त्या हाताला दोन बोटं कमी होती. हाताने टेम्पोवाल्याचं डोकं मागून धरलं आणि फाळक्यावर टेकवलं. टेकवलं असंच मला वाटलं. मग आवाज आला.

"ऑफिसातला पोरगा आहे तो," आत्माराम त्याला म्हणाला. "त्याला हात लावायचा नाय."

टेम्पोवाला नाक धरून खाली बसला होता. बोटांमधून रक्त येत होतं. आत्माराम माझ्याकडे वळला.

"मार खाताना डोळे मिटू नको, मास्तर. कुठून येतोय ते दिसत नाय."

तेव्हापासून मी त्याचा मास्तर झालो. मी कुणाला काही शिकवलेलं नाही, पण साहित्य शिकलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं हे त्याला सुचलं नसावं. तो पंचेचाळिशीचा होता, मी बावीसचा. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. संध्याकाळी पुलावरून पश्चिमेला जायचो. तिथून तो शेअर रिक्षाने मुर्ध्याला जायचा आणि मी उलटा फिरून मीरा रोडची बस धरायचो. आमच्या सिल्व्हर पार्कच्या सोसायटीत मी त्याला एकदा आणलं होतं. आईने चहा दिला. तो गेल्यावर आई म्हणाली, "माणूस चांगला वाटतो. पण मला त्याच्या हातांची भीती वाटली."

ते हात गुणवंतभाईंच्या गाळ्यात मोठ्या प्रेसवर काम करायचे. पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवायची आणि पायाने पेडल दाबायचं. वरून घाव येतो आणि चकतीची वाटी होते. त्या घावाने शेजारच्या गाळ्यातला चहासुद्धा ग्लासात हलायचा. थाळीला एक घाव पुरतो. उभ्या डब्याला तीन-चार लागतात. प्रत्येक घावाने पत्रा कडक होतो. तसाच पुन्हा मारला तर फाटतो. म्हणून मधे मधे भट्टीत घालून तो नरम करावा लागतो. मग काळा पडलेला डबा ऍसिडने धुवायचा, काठ कापायचा आणि पॉलिश करायचं.

त्याची बोटं या प्रेसनेच नेली. पेडल अडकलं आणि एकाएकी सुटलं. तेव्हा डावा हात आत होता. लोक धावत आले तर हा सुपरवायझरला थोबाडत होता, मशीन उशिरा बंद केली म्हणून. हॉस्पिटलात त्यानंतर गेला.

"बोटं कुठे होती?" मी विचारलं होतं.

"डब्यात." तो भाकरीचा तुकडा मोडत होता. "डबा चांगला निघाला होता. पण कोण घेणार?"

मुर्ध्याच्या खोलीत एका भिंतीचा गिलावा त्याच्या छातीच्या उंचीवर पडलेला होता. ती जागा त्याची होती. राग आला की तिथे मारायचा. आधी तो बायकोला मारायचा. चंपावहिनी त्याच गाळ्यात पॅकिंगला होती. एकदा तिने कढई उचलून त्याची भुवई फोडली. "उरलेली बोटं मी काढीन," ती म्हणाली. तेव्हापासून भिंत. हे दोघांनी मिळून मला सांगितलं, एकमेकांची वाक्यं पुरी करत. दोघं हसत होते. मला हसावं की नाही ते कळेना.

तो रायगडातल्या म्हसळ्याकडचा. बाप धर्माजी. दोन भाऊ, हा धाकटा. धर्माजी थोरल्याच्या मापाने याला मोजायचा. थोरल्याने एवढी लाकडं आणली, तू किती? थोरला अमुक वाजता उठला, तू कधी? प्रत्येक प्रश्नामागून छडी यायची. एक दिवस याने बापाला नाही, थोरल्याला दगड मारला. कानावर. थोरल्याला त्या बाजूने आजही ऐकू येत नाही. हा त्याच दुपारी घरातून निघाला आणि भाईंदरला आला. बाप वारला तेव्हाही गेला नाही.

"त्याची काय चूक होती?" मी थोरल्याबद्दल विचारलं.

"काय नाय," आत्माराम म्हणाला. "तो मधे उभा होता."

गेल्या वर्षी परदेशातल्या एका बड्या खरेदीदाराने संघाला कळवलं की यापुढे भांडं घेताना ते बनवायला किती वीज लागली, किती गॅस जळला, किती पाणी आणि ऍसिड गेलं, हेही बघितलं जाईल. त्याचा एक आकडा निघेल, किलोमागे. एक पातळी ठरेल. ज्याचा आकडा त्या पातळीच्या फार वर, त्याचा माल बंद.

हे ठरवायला खरेदीदाराकडून मिनल मॅडम आल्या. तिशीतल्या, बोलायला साध्या. हॉलमध्ये मालक आणि कामगार दोघांनाही बसवून त्यांनी समजावलं. इथे शेकडो प्रकारची भांडी बनतात, सगळी मोजणं शक्य नाही. म्हणून एक वस्तू निवडायची, सगळ्यांच्या वतीने. प्रातिनिधिक वस्तू. तिचं पत्र्यापासून खोक्यापर्यंत सगळं मोजायचं आणि बाकीच्यांना तिच्या शेजारी उभं करून बघायचं. मी ते मराठीत सांगितलं. आत्माराम मागून बोलला.

"म्हणजे वर्गातला हुशार पोरगा."

सगळे हसले. मिनल मॅडमही हसल्या. "तसंच काहीसं," त्या म्हणाल्या. "पण हुशार नको. नेहमीचा हवा. जो सगळ्यात जास्त दिसतो तो."

"आन त्याच्यावरून बाकीच्यांना मारणार."

या वेळी कोणी हसलं नाही.

गुणवंतभाईंनी त्याच दिवशी त्याला बाजूला घेतलं. मी तिथेच होतो. भाईंची भाषा तीन भाषांची मिसळ होती. "जो आत्माराम, बघ. थाळी निवडली तर आपला डबा मेला. थाळीला भट्टी नाही, धूर नाही. त्याच्या बाजूला आपण कायम खराब दिसणार. ऑर्डर गेली तर मोठी प्रेस भंगारात देणार हूं. बीजी मशीन नथी मारी पासे, दुसरी मशीन नाही माझ्याकडे."

"आन डबा निवडला तर?"

"तर प्रेस राहील. थाळीवाल्यांचं पण काय बिघडत नाही. त्यांचा आकडा कमीच आहे."

आत्मारामला जास्त सांगावं लागलं नाही. दोन बोटं नसलेल्या माणसाला दुसरा कोणताही गाळेवाला प्रेसवर बसवत नाही. पुन्हा काही झालं तर जुनी इजा कोणती, नवी कोणती आणि भरपाई कोणी द्यायची, यावरून कोण भांडत बसेल? ही प्रेस गेली तर तो हमाल होणार होता, नाहीतर वॉचमन. त्या संध्याकाळी पुलावर त्याने मला तेवढंच सांगितलं. "मला बसून राहायचं काम नको, मास्तर. मी कोणाला तरी मारीन."

निवड कशी करायची हे मिनल मॅडमनी आधीच सांगितलं होतं. काही दिवस गेटवर बसून बाहेर जाणारा माल मोजायचा. ज्याचे नग सगळ्यात जास्त, ती वस्तू.

आमच्याकडे टेम्पोत माल चढवताना एक माणूस मोठ्याने मोजतो. पहिल्या नगाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. व्यापाऱ्यांची जुनी रीत आहे. प्रत्येक गाळ्याचा आपला मोजणारा असतो. गुणवंतभाईंनी आत्मारामला उभं केलं, कारण त्याचा आवाज प्रेसच्या वर ऐकू यायचा. थाळीच्या गाळ्याकडून रोहित होता. पंचविशीचा, मीरा रोडचाच, केस रंगवलेला, जिभेला हाड नसलेला. थाळ्यांचे गठ्ठे चढत होते आणि तो थाळ्या मोजत होता. आत्माराम डबे मोजत होता. मिनल मॅडम खुर्चीवर बसून दोघांचे आकडे ऐकून लिहून घेत होत्या.

"काका, हळू," रोहित ओरडायचा. "खाडीपलीकडे नायगावला ऐकू जातंय."

"जाऊ दे. त्यांना पण कळू दे डबे किती जातात."

तो खुशीत होता. इतका खुशीत मी त्याला पाहिला नव्हता. घामाने भिजून, पाठ ताठ ठेवून, तो टेम्पोमागून टेम्पो मोजत होता. लाभ. दोन. तीन.

मीटिंगच्या आदल्या दुपारी त्याने माझ्याकडून भाषण बसवून घेतलं. त्याला डब्याची बाजू मांडायची होती. त्याने गाळ्यातून एकेका पायरीचा नमुना काढून ठेवला होता. चकती. पहिल्या घावाची वाटी. भट्टीतून निघालेलं काळं भांडं. शेवटच्या घावाचा डबा, काठ न कापलेला. तो काठ वेडावाकडा असतो आणि पात्यासारखा धारदार.

"बघा बाई—"

"मॅडम म्हण."

"बघा मॅडम. थाळी एका घावात होते. डब्याला मार जास्त. मार जास्त म्हणून भट्टी. भट्टी नाय तर डबा फाटणार. आता लोक काय फक्त थाळीत जेवतात? तांदूळ ठेवत नाय कशात? मग डब्याला पण सोबत मोजा." तो थांबला. "बरोबर आहे?"

"चांगलं आहे. पण हळू बोल. ओरडू नकोस."

"हळू बोलतो," तो म्हणाला. त्याने पुन्हा सगळं म्हणून दाखवलं. खरंच हळू.

मीटिंग दुपारची होती. हॉल भरला होता. नमुने टेबलावर ओळीने मांडले होते, आत्मारामनेच. तो धुतलेला शर्ट घालून आला होता. मिनल मॅडमनी सांगितलं की हा निर्णय कच्चा आहे, हरकती घेता येतील, पण मोजणीत थाळी खूप पुढे आहे. डबे फार कमी निघाले. मी मराठीत सांगितलं.

आत्माराम उभा राहिला. भाषणातलं काहीच त्याच्या तोंडून आलं नाही.

"एवढेच डबे?"

"हो," मिनल मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच मोजलेत."

"मी रोज गळा फाटेपर्यंत मोजलेत. एवढेच?"

रोहित टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. तो हसायला लागला. आधी तोंडावर हात ठेवून, मग उघड.

"काका, तूच तर बोंबलत होतास. सेटमध्ये सात डबे, एकाच्या पोटात एक. बाहेर चाललेत सात आणि तू ओरडतोस लाभ. आम्ही तिकडे एकेक थाळी मोजतोय आणि तू साताला एक. पोटात दुखायला लागलं हसून. तूच मारलास ना तुझा डबा. आता इथे गळा काढतोस कशाला?"

हे खरं होतं. हॉलमधल्या प्रत्येकाला ते त्याच क्षणी समजलं. डब्यांचा सेट बंदच विकतात. एकदा उघडला की तो परत आलेला माल समजला जातो, म्हणून चढवताना कोणी उघडत नाही आणि सगळे त्याला एकच नग म्हणतात. वर्षानुवर्षं तसंच चाललंय. त्यात कोणाला चूक दिसलीच नव्हती. मिनल मॅडमनी मान वर केली. त्यांनी हात उचलला, थांबा म्हणून. ओठ उघडलेले मी पाहिले. पुन्हा मोजू, असंच त्या म्हणणार होत्या. नंतर त्यांनी मला तसं सांगितलंही.

आत्मारामने टेबलावरून काठ न कापलेला डबा उचलला.

पहिला घाव रोहितच्या तोंडावर बसला. खुर्चीसकट तो मागे गेला. आत्माराम टेबलावरूनच पलीकडे गेला. दुसरा घाव डोळ्यावर. रोहित ओरडला नाही, हवा सुटल्यासारखा आवाज आला. आत्माराम त्याच्या छातीवर बसला होता. तो डबा दोन्ही हातांनी, वरून खाली, सरळ आणत होता. प्रेससारखा. मला तेव्हाही तेच दिसलं आणि अजून तेच दिसतं. चेहऱ्यावर राग नव्हता. कामावर असताना असतो तसा चेहरा होता.

आम्ही चौघे त्याच्यावर पडलो. मी त्याचा डावा हात धरला, बोटं नसलेला. त्याने झटकला आणि माझा दात तुटला. मग चंपावहिनीचा आवाज आला. ती दारात होती, पॅकिंगमधून धावत आलेली. "आत्माराम," एवढंच म्हणाली. नुसतं नाव. तो थांबला. हातातला डबा त्याने टेबलावर परत ठेवला, ओळीत, जिथून उचलला होता तिथे. डब्याच्या काठावरून रक्त आणि दुसरं काहीतरी गळत होतं.

कोणीतरी म्हणालं, डोळा. मिनल मॅडम कोपऱ्यात जाऊन ओकल्या.

पोलीस येईपर्यंत आत्माराम भिंतीला टेकून बसला होता. मी तोंडावर रुमाल धरून त्याच्यासमोर उभा होतो.

"रोहितनेच तर चूक दाखवली होती," मी म्हणालो. "त्याच्या बोलण्यावरूनच तर पुन्हा मोजलं असतं. तुझी मशीन वाचली असती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोललो ते त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा त्याने आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला.

रोहितचा डावा डोळा गेला. जबड्यात तार घातली. त्याची आई गाळ्यासमोर येऊन चंपावहिनीच्या अंगावर धावली आणि तिचे केस उपटले. वहिनीने हात उचलला नाही. मुर्ध्याच्या घरमालकाने आत्मारामला पुन्हा खोलीत घ्यायचं नाही असं वहिनीला बजावलं. "आमचे गावान असला मानूस नको," तो म्हणाला. "तू र्‍हा, तो नको." तो तर तुरुंगातच होता. वहिनी राहिली. रोज त्याच गाळ्यात पॅकिंगला येत राहिली.

पुन्हा मोजायचं ठरलं. मिनल मॅडम नको म्हणत होत्या, तरी आल्या. गेटवर आता कोणी मोठ्याने मोजत नव्हतं. गुणवंतभाईंच्या टेम्पोजवळ डब्यांचा सेट हातात घेऊन सगळे उभे होते. उघडायचा, तर थाळीवाल्यांच्या मोजणाऱ्याची संमती हवी होती. नाहीतर उद्या पुन्हा भांडण. त्यांचा मोजणारा रोहितच होता.

तो आला. डोळ्यावर कापसाची पट्टी, गालावर टाक्यांची ओळ. तोंड नीट उघडत नव्हतं. भाई त्याच्याकडे बघू शकत नव्हते. आम्हाला सगळ्यांना वाटलं, तो नाही म्हणेल. त्याने नाही म्हटलं असतं तर कोणी त्याला बोललं नसतं.

त्याने भाईंच्या हातातून सेट घेतला. खाली उकिडवा बसला. एकातून एक डबा काढला आणि जमिनीवर ओळ लावली. एका डोळ्याने अंदाज येत नसल्यामुळे एक डबा दुसऱ्याला घासला, ओरखडा पडला. तो मोजत होता. लाभ, दोन, तीन. शब्द दातांतून तुटत येत होते. सात.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू जातोस ना त्याला भेटायला?"

"हो."

"सांग त्याला. मशीन वाचली. माझ्या तोंडून वाचली." त्याने गालावरून हात फिरवला. "हळू सांग. सगळं समजलं पाहिजे."

डबा निवडला गेला. मधल्या मापाचा, गुणवंतभाईंच्याच गाळ्यातला. आता त्याचं सगळं मोजतात, वीज, गॅस, पाणी. प्रेस भंगारात गेली नाही.

तुरुंगात जाळी असते. जाळीपलीकडे आत्माराम बारीक झालेला दिसला. मी हळू सांगितलं, रोहितने सांगितलं होतं तसं.

"सात?" त्याने विचारलं.

"सात."

"झाकणं?"

"वेगळी धरली नाहीत."

"धरत नायतच." त्याने जाळीत बोटं अडकवली. "मोजलं कोणी?"

मी सांगितलं. रोहितचे शब्दही सांगितले. मला ते सांगायचे नव्हते. पण मी सांगितले.

त्याने कपाळ जाळीवर आपटलं. एकदाच. डोळे उघडे होते. हवालदार मागून ओरडला आणि त्याच्या पाठीत दंडुका बसला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. कपाळावर जाळीचे चौकोन उमटले होते, त्यातून रक्त यायला लागलं होतं.

"प्रेसवर कोण बसवलाय?"

"पराग. पॉलिशवरचा."

"त्याला सांग, डावा हात आत न्यायचा नाय. पेडल अडकतं. सुटतं कधी ते कळत नाय. भाईला कधीपासून सांगतोय."

वेळ संपली होती. त्याला उठवलं. जाताना तो पुन्हा म्हणाला, "आजच सांग, मास्तर."

मी स्टेशनवरून थेट गाळ्यात गेलो. लांबूनच पायाखालची जमीन हलत होती. दारात पॅकिंगच्या खोक्यांमध्ये चंपावहिनी बसली होती, तिने मान वर केली नाही. परागची माझ्याकडे पाठ होती. त्याने चकती साच्यावर ठेवली आणि ती सरकू नये म्हणून डाव्या हाताने धरली.

"पराग," मी ओरडलो. त्याच वेळी प्रेस खाली आली.